पोपट घरी आणताय? आधी तवा बदला!

मुलांच्या हट्टापायी घरात बजी, म्हणजे छोटा पोपट, आला की पहिला प्रश्न पिंजरा कुठे ठेवायचा? स्वयंपाकघरात मुळीच नको. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतो. आपल्याला कदाचित वासही येणार नाही. थालीपिठाला आपला बिडाचा तवाच बरा. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. अव्होकाडो आणि चॉकलेट मात्र विषच. पक्षी आजार लपवतो. तो पिसे फुलवून तळाशी बसला, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पक्षी स्वस्त, उपचार महाग. म्हणून पिंजरा घेतानाच फीचे पैसेही बाजूला काढून ठेवा.