मुलांच्या जखमा मोजतं कोण?

निमोणे गावात उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना सायकलवरचं पोर पडलं, गुडघा फुटला, घरीच हळद भरली, तर ती जखम कुठल्याच आकड्यात येत नाही. युरोप-कॅनडातली शाळकरी मुलांच्या आरोग्याची एचबीएससी पाहणी दर चार वर्षांनी 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांना विचारते: वर्षभरात डॉक्टर किंवा नर्सकडे जावं लागलं अशी दुखापत झाली का? म्हणजे जिथे दवाखाना हाताशी, तिथे आकडा फुगू शकतो. भारतात जागतिक आरोग्य संघटनेची शालेय पाहणी 2007 मध्ये झाली, तीही सीबीएसई शाळांत. गावोगावच्या मराठी शाळा त्यात नव्हत्याच. मृत्यू मात्र असे लपत नाहीत: जगातले 90 टक्क्यांहून अधिक रस्ते-अपघाती मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होतात.