अंगठ्याचे ३० टक्के

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटं जाणं नवं नाही. गेलेल्या बोटांचा हिशेब मात्र चोख. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या तक्त्यात अंगठा गेला की कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. उडालेली झोप, आटलेली भूक, गावी फोन करायची चोरी यांना त्या तक्त्यात रकानाच नाही.

टाके निघतात, फिजिओथेरपी सुरू होते आणि काही जण व्यायामाला येईनासे होतात. ‘आळशी झालाय’ म्हणणं सोपं; पण ते नैराश्यही असू शकतं. मज्जारज्जूला इजा झालेल्यांवरच्या अभ्यासांच्या २०१५च्या आढाव्यात सुमारे २२ टक्क्यांना नैराश्य आढळलं. मेख अशी, की थकवा, निद्रानाश ही लक्षणं दुखापतीचीही असतात. म्हणून विचारायचं ते वेगळंच: पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यात आता रमतो का?

लष्करातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधलं त्यांचं पोहण्यातलं सुवर्णपदक सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पुढे टेल्कोत नोकरी केली, हे पदकाइतकं कुणी सांगत नाही. पुनर्वसनात मात्र तेच मोलाचं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी राखतो. चाकणच्या कंत्राटी कामगाराला ते कवच नाही, त्यामुळे त्याच्या नैराश्यात पुढच्या पगाराची धास्तीही मिसळलेली असते. निदान बोलायला कुणीतरी हवं. १४४१६ या ‘टेलि-मानस’ मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं.