मुलांच्या आतड्यांचा आजार : दुखणे पोटाचे, कोंडी मनाची

पहूर : जळगाव-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील पहूर असो वा खानदेशातील अन्य कोणतेही गाव, मुलाचे पोट दुखू लागले की घरचे निदान ठरलेले असते. जंत झाले, मुरडा झाला किंवा शाळा बुडवायची आहे. बहुतेक वेळा दुखणे किरकोळच असते. मात्र जुलाब चार आठवड्यांहून अधिक काळ टिकले, शौचावाटे रक्त पडले, मूल रात्री पोटदुखीने उठू लागले वा वजन घटू लागले, तर आतड्यांच्या जुनाट दाहाची शक्यता तपासणे आवश्यक ठरते.

क्रोन्स डिसीज व अल्सरेटिव्ह कोलायटिस हे या दाहाचे दोन मुख्य प्रकार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यांवरच उलटते. हा आजार संसर्गजन्य नाही. सुमारे २० ते २५ टक्के रुग्णांत त्याची सुरुवात वयाच्या विशीआधी होते. क्रोन्सची लक्षणे आतड्यांच्या क्षयासारखी असल्याने भारतात निदान अनेकदा लांबते.

हा विलंब मुलांना महागात पडतो. दाह, अन्नाचे अपुरे शोषण आणि दुखण्याच्या धास्तीने कमी झालेले खाणे यांमुळे उंची खुंटते, वयात येणे लांबते. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर हे नुकसान भरून निघत नाही.

मनावरचा आघात मात्र वजनकाट्यावर दिसत नाही. वर्गातून वारंवार बाहेर जावे लागेल या संकोचाने मूल डबा खात नाही, सहल टाळते, एसटीच्या प्रवासाला घाबरते. स्टेरॉईडमुळे चेहरा सुजला की सोबती चिडवतात. अशा मुलांत चिंता व नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते.

आजार समूळ बरा होत नसला, तरी आटोक्यात ठेवता येतो. क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप पोषक आहार देण्याची पद्धत मुलांत प्रभावी ठरली असून, तिच्यामुळे वाढीवर स्टेरॉईडसारखा विपरीत परिणाम होत नाही. दाह पुन्हा उफाळू नये यासाठी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

दुर्बिणीच्या तपासणीसाठी मोठे शहर गाठावे लागले, तरी पहिला संशय गावातच यायला हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळा व अंगणवाड्यांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तेथील उंची-वजनाच्या नोंदी पालकांनी दरवर्षी पडताळून पाहाव्यात. शिक्षकांनी अशा मुलाला न विचारता शौचालयात जाण्याची मुभा द्यावी. त्याला पैसा लागत नाही. पण तेवढ्याने एखाद्या मुलाची शाळा सुटण्यापासून वाचू शकते.