गाडी विकली, विमा कुणाचा?

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि जुन्या गाडीच्या व्यवहारातली ही गाठ माझ्या फार आवडीची आहे.

त्यांनी शेजारच्या काकांकडून हॅचबॅक घेतली. आरसी महिनाभरात नावावर झाली. पॉलिसी डिसेंबरपर्यंतची, तीही ‘फुल इन्शुरन्स’, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. गणपतीत गावी जाताना घाटात गाडी कठड्याला घासली. बंपर, हेडलाइट आणि डावा फेंडर गेला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि क्लेम नामंजूर. हप्ता भरलेला, गाडी तीच, मग अडलं कुठे?

अडलं ते पॉलिसीवरच्या नावाशी. फुल इन्शुरन्सच्या एकाच कागदात दोन निराळ्या गोष्टी असतात. त्यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर द्यायच्या भरपाईचा भाग गाडीबरोबर आपोआप जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार गाडी दुसऱ्याला दिली की तो विमाही त्याच्या नावे झाला असं मानायचं. कायद्याला काळजी रस्त्यावरच्या माणसाची आहे. मालक बदलला म्हणून त्याची भरपाई अडू नये. ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, हा मात्र कंपनी आणि काका यांच्यातला करार. काकांनी गाडी विकली, त्यामुळे त्यांचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते नव्या मालकाचं, पण त्याचा कंपनीशी करारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच हा भेद स्पष्ट केलाय. तेव्हा व्यवहार झाल्यापासून 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हरही नव्या मालकाने आपल्या नावाने घ्यायचं.

पॉलिसी नावावर करताना कंपनी फरकाचे पैसे मागते, तेव्हा लोक चिडतात. ते पैसे एनसीबीचे, म्हणजे नो क्लेम बोनसचे. सलग पाच वर्षं क्लेम न केल्याची 50 टक्के सूट काकांनी कमावलेली. ती माणसाची असते, गाडीची नाही. काकांनी कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती वापरता येते. फुकट घालवणारेच जास्त.

विकणाऱ्याचा धोका याहून मोठा. मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म 29 आणि 30 देऊन मोकळं होणारे बरेच असतात आणि गाडी त्याच नावावर फिरत राहते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली होती. ती हातोहात विकली गेली, आरसी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. मागे घेताना तिच्याखाली एक लहान मुलगा गेला. भरपाई द्यायला लावली ती नोंदीतल्या पहिल्या मालकाला.

साताऱ्याच्या वाचकाने आता डिसेंबरची वाट पाहू नये. आरसीची प्रत, जुनी पॉलिसी आणि अर्ज घेऊन कंपनीत जावं. कठड्याचा खर्च परत मिळणार नाही, पण उरलेले महिने तरी ओडी त्यांच्या नावाने चालेल. काकांना एनसीबीच्या पत्राची आठवणही त्यांनीच करून द्यावी.