हप्त्यांवर विकलेली मोटारसायकल: गाडी कोणाची, जबाबदारी कोणाची

जुनी मोटारसायकल हप्त्यांवर विकण्याचा व्यवहार महाराष्ट्रात गावोगावी होतो. घेणारा बहुधा ओळखीतला असतो: दुकानात कामाला असलेला मुलगा, शेजारच्या गावचा गवंडी, घरोघर पार्सल पोहोचवण्याच्या कामाला नुकताच लागलेला तरुण. पगाराची स्लिप नसल्याने बँक त्याला दारात उभे करत नाही आणि एकरकमी पन्नास हजार त्याच्याजवळ नसतात. विकणाऱ्यालाही गाडी अंगणात गंजत ठेवण्यापेक्षा पैसे हळूहळू आले तरी चालतात. निम्मी रक्कम आज, उरलेली पाच-सहा महिन्यांत, आणि ‘पैसे फिटले की गाडी नावावर करून देतो’ एवढ्या बोलीवर किल्ली दिली जाते.

या व्यवहारातला खरा धोका त्या शेवटच्या बोलीत आहे. सगळे पैसे येईपर्यंत आरसी आपल्या नावावर ठेवली म्हणजे पैसे सुरक्षित राहिले, असे विकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पैसे वसूल करायला त्या नावाचा उपयोग थोडा होतो. उलट गाडी रस्त्यावर जे काही करील त्याचा भार मात्र त्याच नावावर येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे वाहन ज्याच्या नावावर नोंदलेले आहे तो मालक. गाडी कोण चालवतो, पैसे कोणी दिले, स्टॅम्प पेपरवर काय लिहिले आहे, याने अपघातग्रस्ताच्या दृष्टीने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. नोंदणीकृत मालकाचे म्हणणे होते की, गाडी जुलै २००७ मध्येच विकली. पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि मे २००९ मध्ये तिच्याकडून जीवघेणा अपघात झाला. आरटीओच्या नोंदीत मात्र पहिल्याच माणसाचे नाव राहिले होते. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारावर टाकलेली जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नोंदणीकृत मालकावर आणली. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडीच्या विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, हा त्यामागचा विचार. तो न्याय्यही आहे.

विमा चालू असेल तर अशा वेळी भरपाईचा बोजा सहसा विमा कंपनी उचलते. पण हप्ते फेडताना ज्याची ओढाताण चालू आहे, तो विम्याचे नूतनीकरण लांबवण्याचीच शक्यता जास्त. नावच बदललेले नसल्याने नूतनीकरण कोणी करायचे हेही दोघांत ठरलेले नसते. विमा संपलेल्या गाडीने माणूस दगावला, तर लाखो रुपयांची भरपाई विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते, आणि तीही पाच हजारांच्या सहा हप्त्यांसाठी नाव अडवून ठेवल्यामुळे.

बाकीचे प्रसंग रोजचे आहेत. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हते, तिघे बसले की ई-चलन विकणाऱ्याच्या मोबाइलवर येते. परवाना नसलेल्याला गाडी दिली तर मालकालाही दंड असतो. त्याहून गंभीर तरतूद कलम १९९अ ची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण ते टाळण्याचा पूर्ण प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. खरेदीदाराचा नववीतला भाऊ संध्याकाळी गाडी घेऊन चौकात गेला, तरी पोलिसांची पहिली चौकशी आरसीवरच्या नावाकडे येते.

बँका आणि फायनान्स कंपन्या याच्या नेमके उलटे करतात. कर्जावर दिलेली गाडी त्या स्वतःच्या नावावर कधीच ठेवत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून कर्जदाराच्या नावावर होते आणि आरसीवर फक्त त्यांच्या बोजाची, म्हणजे बोलीभाषेत ‘एचपी’ची, नोंद चढते. हायपोथिकेशनच्या करारातल्या वाहनाचा ताबा ज्याच्याकडे तोच कायद्याने मालक, असे कलम २(३०) सांगते. म्हणून अपघाताची जबाबदारी कर्ज देणाऱ्याकडे येत नाही. आणि कलम ५१ प्रमाणे त्यांच्या लेखी संमतीशिवाय गाडी पुढे दुसऱ्याच्या नावावर होत नाही. खासगी विक्रेत्यानेही हेच तत्त्व धरावे: गाडी दिली की नाव लगेच बदलायचे आणि उधारीची हमी वेगळ्या कागदांनी घ्यायची.

त्यातल्या त्यात उत्तम मार्ग म्हणजे खरेदीदाराने पतसंस्थेतून किंवा जुन्या दुचाकीवर कर्ज देणाऱ्या कंपनीतून कर्ज काढावे. व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त पडते, पण विकणाऱ्याला रक्कम एकदम मिळते आणि हप्त्यांचे नाते खरेदीदार आणि संस्था यांच्यात राहते. कर्ज मिळत नसेल, तर गाडी विकणाऱ्याकडेच ठेवून आधी हप्ते गोळा करायचे आणि शेवटच्या हप्त्याला गाडी व नाव दोन्ही द्यायचे, हा दुसरा मार्ग. घेणाऱ्याला तो पटत नाही, कारण त्याला गाडी कमाईसाठी आजच हवी असते. शिवाय विकणारा मध्येच फिरला तर आपले काय, ही त्याची शंकाही रास्त असते. मग उरतो तिसरा मार्ग: गाडी आज, नाव आज, पैसे हप्त्यांनी.

तो घेण्याआधी गाडीचे कागद साफ हवेत. मूळ खरेदीचे कर्ज फिटले असले तरी आरसीवर एचपी तशीच राहिलेली असते. ती उतरवायला फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेली चलने भरून टाकावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर महाराष्ट्रात हस्तांतरणाचे काम अडते. विमा आणि पीयूसी चालू हवेत.

हस्तांतरणाची वर्दी फॉर्म २९ वर दिली जाते आणि नाव बदलण्याचा अर्ज फॉर्म ३० वर होतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे कळवायचे, असे कलम ५० सांगते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र आधी काढावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा असे घडते की, विकणारा एजंटच्या टपरीवर बसून कोऱ्या फॉर्मवर सह्या करतो, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख रिकामी राहते, आणि ‘पुढचे तो बघेल’ म्हणून विषय संपतो. त्या कोऱ्या सह्यांवर गाडी आणखी दोघा-तिघांना विकली जाऊ शकते आणि नोंदीत नाव पहिल्याचेच राहते. फॉर्म पूर्ण भरलेलाच हवा, त्याची प्रत ठेवावी, फी भरल्याची पावती घ्यावी आणि परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नाव बदललेले दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. विम्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र कंपनीने पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय त्याला मिळत नाही.

नाव बदलण्याला काही आठवडे लागू शकतात. त्या काळासाठी ताबा पावती फार उपयोगी पडते. तीत गाडी दिल्याची तारीख आणि वेळ, नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चेसिस क्रमांक, मीटरवरचे किलोमीटर, दिलेल्या किल्ल्या आणि ‘या वेळेनंतरची चलने, अपघात व वापराची जबाबदारी घेणाऱ्याची’ हे वाक्य असावे; खाली दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या. अपघातग्रस्ताच्या दाव्यापुढे ही पावती टिकणार नाही, पण चलनाच्या तक्रारीत, पोलिसांच्या चौकशीत आणि खरेदीदाराकडून भरपाई मागताना हाच पुरावा असतो.

आता पैशांचा कागद. जंगम वस्तूच्या विक्रीला दस्तनोंदणी लागत नाही. मुद्रांकावर लिहिलेला आणि नोटरी केलेला करारनामा पुरतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारासाठी शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. समजा, किंमत ५२,००० ठरली, त्यातले २२,००० आज दिले. मग उरलेले ३०,००० रुपये पाच हजारांच्या सहा हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेला, असे आकड्यांत आणि अक्षरांत लिहावे. उधारीमुळे किंमत वाढवली असेल तर ती वाढ एकूण किमतीतच दाखवावी, मागून व्याज लावत बसू नये. एक हप्ता ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देणे लागेल, हे कलम विसरू नये. ते नसेल तर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळे भांडावे लागते.

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून घेणे दोघांच्याही हिताचे. पाठवताना ‘गाडी हप्ता ३/६’ एवढी नोंद टाकली तरी पुढचा निम्मा वाद मिटतो. रोख घेतले तर पावती द्यावीच.

हमीसाठी प्रत्येक हप्त्याच्या तारखेचा, रक्कम लिहिलेला धनादेश आगाऊ घेण्याची पद्धत चांगली आहे. कोरा धनादेश मात्र घेऊ नये. तो वादाला निमंत्रण देतो. धनादेशाची मुदत तारखेपासून तीन महिने असते, म्हणून ‘थोडे थांबा’ म्हटल्यावर तो कपाटात पडून राहिला तर निरुपयोगी होतो. खात्यात पैसे नसल्याने तो परत आला, तर बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. यातली एक तारीख हुकली तरी तक्रार अडचणीत येते.

जामीनदार घेणे हा जुना आणि अजूनही परिणामकारक उपाय. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे, करारात वेगळे ठरवले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. पण त्याला न विचारता देणेकऱ्याला मुदत वाढवून देण्याचा नवा करार केला, तर तो त्या जबाबदारीतून सुटू शकतो. म्हणून मुदतवाढ द्यायचीच असेल, तर त्या कागदावर जामीनदाराचीही सही घ्यावी.

हप्ते थांबले की ‘गाडी उचलून आणू’ हा पहिला विचार मनात येतो. तो घातक आहे. विक्री पूर्ण होऊन ताबा दिल्यावर मालविक्री अधिनियम, १९३० नुसार विकणाऱ्याचा मालावरचा धारणाधिकार संपतो. त्याच्याकडे उरतो तो किंमत वसूल करण्याचा हक्क. दुसऱ्याच्या दारातून, दुसऱ्या किल्लीने गाडी नेली तर चोरीची तक्रार उलट विकणाऱ्यावर होऊ शकते. खरेदीदार स्वतःहून गाडी परत द्यायला तयार असेल, तर तसा लेखी समझोता करावा, घेतलेल्या हप्त्यांचा हिशेब मिटवावा आणि नाव पुन्हा बदलून घ्यावे. नाहीतर नोटीस आणि दिवाणी दावा. दाव्याची मुदत साधारणपणे पैसे देणे झाल्यापासून तीन वर्षे. एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाणे बहुतेकांना परवडत नाही, म्हणून उधारी तेवढीच द्यावी जेवढी बुडाली तरी घर हलणार नाही. पहिली रक्कम मोठी आणि हप्ते थोडे, हे सूत्र कोणत्याही कागदापेक्षा जास्त संरक्षण देते.

घेणाऱ्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण या व्यवहारात दुबळा तोच असतो. नाव नसेल तर गाडी चोरीला गेल्यावर विम्याचा दावा त्याला करता येत नाही. सगळे हप्ते फेडल्यावर विकणारा गाव सोडून गेला, तर फॉर्मवर सही कोणाची आणायची? विकणारा वारला तर गाडी आधी वारसांच्या नावावर करावी लागते आणि सगळे वारस समजूतदार निघतीलच असे नाही. त्याने पहिल्या रकमेबरोबरच भरलेले फॉर्म मागावेत आणि आरसीवर एचपी आहे का, थकीत चलने किती, हे नंबर टाकून स्वतः पाहावे.

याच व्यवहाराचा आणखी एक प्रकार फार चालतो, आणि तो टाळलेलाच बरा. विकणाऱ्याचे स्वतःचे कर्ज चालू असते आणि घेणारा ‘उरलेले हप्ते मी भरतो’ म्हणून गाडी नेतो. कर्ज पहिल्याच्याच नावावर राहते, हप्ता चुकला की वसुलीचा फोन आणि घसरलेला सिबिल स्कोअर त्याच्याच वाट्याला येतो, आणि कंपनीच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. घेणाऱ्याने सगळे हप्ते भरूनही कागदावर त्याचे काहीच नसते. येथे घेणाऱ्याच्या पहिल्या रकमेतून कर्ज आधी फेडून टाकावे, एचपी उतरवावी आणि मगच उरलेल्या पैशांचे हप्ते बांधावेत.

शेवटचा हप्ता आला की विकणाऱ्याने ‘पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही’ अशी सहीची पावती द्यावी, न वटवलेले धनादेश परत करावेत आणि जामीनदारालाही त्या पावतीची प्रत द्यावी. करारनामा, ताबा पावती आणि फॉर्म २९ ची प्रत मात्र दोघांनीही पुढे काही वर्षे जपून ठेवावी. गाडी दिल्याच्या आसपासच्या एखाद्या अपघाताचा दावा उशिरानेही उभा राहू शकतो.