कोराडीचा प्रकाश आणि कोराडीची राख



नागपुरातील एका कुटुंबात सायंकाळच्या रोझरीच्या वेळी आम्ही उपस्थित होतो. दुसरे रहस्य संपते न संपते तोच लाईन गेली. आजीने प्रार्थनेत खंड पडू दिला नाही. सूनबाई मेणबत्ती शोधू लागल्या. रोझरी आटोपल्यावर घरातील लहानग्याने विचारले, "आजी, लाईन येते तरी कुठून?" आजी म्हणाली, "कोराडीहून येते, बेटा." त्यावर तो चटकन उद्गारला, "मग तिथे कधीच अंधार होत नसेल!"

सारे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या बालकाचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आज त्याच वाक्याचा धागा धरून, दैनंदिन जीवनातील साध्या प्रसंगांतून ख्रिस्ती माणसाने बोध कसा घ्यावा, याविषयी आपणाशी थोडा विचारविनिमय करावा असे आम्हास वाटते.

प्रभूची शिकविण्याची रीत

प्रभू येशूने स्वर्गराज्याची रहस्ये सांगताना विद्वानांची भाषा वापरली नाही. पेरणारा शेतकरी, पिठात कालवलेले खमीर, समुद्रात टाकलेले जाळे (मत्तय १३), हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री (लूक १५:८-१०) हे त्याचे धडे होते. गालीलातील प्रत्येक श्रोत्याने या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. प्रभूने त्यांना त्या पुन्हा एकदा पाहावयास लावले.

हीच रीत संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी अंगीकारली. नागपूरचे कॅथेड्रल याच संताच्या नावाने उभे आहे. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली आणि १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. या साऱ्या प्रवासात या संताची सोबत आपल्याला लाभली आहे. जिनिव्हाचे बिशप असलेल्या या संताने १६०९ मध्ये भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. मधमाश्या, फुले, झाडे यांचे दाखले देत त्यांनी शिकविले की भक्ती केवळ मठवासीयांसाठी नसते. सैनिक, कारागीर, विवाहित स्त्री-पुरुष, प्रत्येकाने आपापल्या कामात राहूनच पवित्र व्हावयाचे असते. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना पत्रकार व लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

मात्र या रीतीत एक धोका आहे. गोड गोष्ट ऐकावी, मान डोलवावी आणि बोध शेजाऱ्याच्या पदरात टाकून घरी जावे, असे आपल्याकडून सहज घडते. दावीद राजाचेही असेच झाले होते. श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतल्याची गोष्ट नाथान संदेष्ट्याने सांगितली, तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर संतापला. मग नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस (२ शमुवेल १२:१-७). गोष्टीचे बोट ऐकणाऱ्याकडे वळले, तेव्हाच दाविदाचे डोळे उघडले. दैनंदिन प्रसंगातून घेतलेला बोध खरा की खोटा, हे ओळखण्याची ही कसोटी आहे. या कसोटीवर आता कोराडीकडे पाहू.

रात्रपाळीचा माणूस

नागपूरच्या उत्तरेस असलेले कोराडी हे गाव जगदंबेच्या मंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच औष्णिक वीज केंद्रासाठीही. १९७४ मध्ये येथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन नवे संच येथे सुरू झाले. कोळसा पिठासारखा बारीक दळून बाष्पकात जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने टर्बाइन आणि त्याला जोडलेले जनित्र मिनिटाला तीन हजार फेरे फिरते. तेथील वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. म्हणून नागपूरच्या दिव्यातच कोराडीची वीज असते असे म्हणता येत नाही. ती वसईतील एखाद्या घरातही असू शकेल.

आपण वापरतो त्यातील बहुतेक वीज ज्या क्षणी दिवा लागतो त्याच क्षणी कोठेतरी तयार होत असते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आपले चर्च उजळून निघते, तेव्हा कोणीतरी पाळीवर उभा असतो. अशाच एका निवृत्त कामगाराशी आमचे बोलणे झाले. आम्ही विचारले, "नाताळला घरी नसल्याचे दुःख होत असेल?" तो म्हणाला, "सवय झाली होती. पण एक सांगू का? लाईन असली की आमची आठवण कोणालाच येत नाही. गेली की सगळ्यांना येते."

सोपा बोध असा, की आपणही या कामगारासारखे निष्ठेने काम करावे. तो योग्यच आहे. परंतु बोट आपल्याकडे वळवले तर दुसरा प्रश्न उभा राहतो. लाईन असताना आपण कितीजणांचे आभार मानले? पहाटे उठून डबा करणारी आई, चर्चचे अंगण झाडणारा माणूस, इस्पितळातील रात्रीची परिचारिका यांची आठवण आपल्याला केवळ त्यांचे काम अडले की होते काय? तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता देवदूताने प्रथम कोणाला दिली, ते आठवावे. रात्री कळप राखीत जागणाऱ्या मेंढपाळांना (लूक २:८-११), म्हणजे रात्रपाळीच्या माणसांनाच ती मिळाली.

टाकून दिलेले पाणी

वीज केंद्राला पाणीही पुष्कळ लागते. त्यासाठी धरणाचे चांगले पाणी खर्च होई. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून ते वीजनिर्मितीसाठी कोराडीला पुरविण्याची योजना पुढे आली आणि त्यासाठी दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला गेला. आपल्या मोरीतून वाहून गेलेले पाणी अशा रीतीने आपल्याच घरच्या दिव्याच्या उपयोगी पडू लागले.

येथेही सोपा बोध लगेच सुचतो. आपण ज्याला टाकाऊ समजतो त्याचाही देव उपयोग करून घेतो. हे सत्य आहे आणि अनेक निराश मनांना त्याने धीर दिला आहे. तथापि ते पाणी मोरीतून थेट कोराडीला जात नाही. ते प्रथम अडवावे लागते. त्यातील केरकचरा काढावा लागतो. गाळ तळाशी बसू द्यावा लागतो. हवा खेळवून सूक्ष्म जिवाणूंकडून उरलेली घाण नाहीशी करवून घ्यावी लागते. या कामाला वेळ लागतो आणि प्रत्येक टप्पा पार पडावाच लागतो.

पापनिवेदनाचेही असेच आहे. आपणास क्षमा हवी असते, परंतु थांबणे, अंतःकरण तपासणे आणि पाप स्पष्ट शब्दांत कबूल करणे नको असते. शिवाय शुद्ध झालेल्या पाण्यामुळे धरणातील तेवढे चांगले पाणी इतरांची तहान भागविण्यासाठी शिल्लक राहते. जक्कयाच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९:८). त्याच्या पश्चात्तापाचा लाभ त्याच्या शेजाऱ्यांनाही मिळाला. आपल्या पापनिवेदनानंतर घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी कोणाचे जीवन थोडे सुसह्य झाले काय, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

राख कोणाच्या अंगणात पडते?

आता त्या बालकाच्या प्रश्नाकडे येऊ. प्रकाश जेथे निर्माण होतो तेथे अंधार नसेल, असे त्याला वाटले. आपल्या देशातील औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या शंभर किलो कोळशातून साधारणपणे तीस ते चाळीस किलो राख उरते. त्या राखेपासून विटा होतात, सिमेंटमध्येही ती मिसळतात. जी उरते ती पाण्यासह राखबंधाऱ्यात साठविली जाते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या दिवसांत खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी नाल्यांत व शेतांत पसरले. मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन संचांच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली, तेव्हा समर्थन आणि विरोध असे दोन्ही आवाज उठले. रोजगार हवा असणारे लोक आणि निर्मळ श्वास हवा असणारे लोक, दोघेही आपलेच शेजारी आहेत.

त्या परिसरात राहणाऱ्या एका भगिनीने आम्हास सांगितले, "वाऱ्याची दिशा पाहून मी कपडे वाळत घालते." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक बोचले.

तुम्ही जगाचा प्रकाश आहात, असे प्रभूने आपल्या शिष्यांना सांगितले. दिवा मापाखाली झाकू नये, दिवठणीवर ठेवावा असेही सांगितले (मत्तय ५:१४-१६). या वचनावर आपण कितीतरी प्रवचने ऐकली असतील. त्या काळी मात्र प्रत्येक घराला ठाऊक होते की दिव्याला तेल लागते आणि दिव्याची काजळी आपल्यालाच पुसावी लागते. निवासमंडपातील दिव्यासाठी जैतुनाचे तेलही कुटून काढावे लागे (निर्गम २७:२०). आपले बटण दाबताच दिवा लागतो आणि काजळी दूर कोठेतरी दुसऱ्याच्या अंगणात पडते. दृष्टीआड सृष्टी! दाखल्यातील धनवानाने लाजराला मारले नव्हते की हाकललेही नव्हते. दाराशी कोण पडले आहे इकडे त्याने लक्ष दिले नाही, एवढेच (लूक १६:१९-३१).

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले, ते याच कारणास्तव. वीज वापरणे हे पाप नाही. रुग्णाचे यंत्र, विद्यार्थ्याचा अभ्यास, शेतकऱ्याचा पंप तिच्यावरच चालतो. परंतु ज्या प्रकाशाचे मोल दुसरा मोजतो तो उधळण्याचा अधिकार आपणास नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि लग्नसमारंभात रात्रभर जळणारी रोषणाई यांविषयी आपण घरात निदान बोलू तरी शकतो. तसेच त्या परिसरातील लोक स्वच्छ हवा आणि पाणी मागतात, तेव्हा ते आपल्या प्रकाशाचे शत्रू नाहीत, हेही आपण ध्यानी घ्यावे.

राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती केलेली असते. ती राख आपली असते आणि आपण ती आपल्याच मस्तकी धारण करतो. वर्षातून एक दिवस तरी राख दुसऱ्याच्या दारी न टाकता स्वतःच्या कपाळी घ्यावी, हे ख्रिस्तसभा आपल्याला शिकविते.

घरोघरी करावयाचा अभ्यास

बंधुभगिनींनो, आठवड्यातून एकदा रोझरीनंतर दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. त्या आठवड्यात घडलेला एखादा साधा प्रसंग कोणीतरी सांगावा. मग तीन प्रश्न विचारावेत. या प्रसंगात आपल्या नजरेतून कोण सुटले? पवित्र शास्त्रातील कोणती घटना यावरून आठवते? आणि तिसरा, सर्वांत अवघड प्रश्न: यात नाथानाचे बोट माझ्याकडे कोठे वळते? शेजाऱ्याविषयीचा बोध त्या दहा मिनिटांत कोणी सांगू नये, एवढाच नियम. वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःविषयी बोलावे, म्हणजे मुलांनाही धीर येईल.

त्या सायंकाळी वीज परत आली, तेव्हा घरातील सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आजीने मेणबत्ती फुंकरीने विझवली आणि नातवाला जवळ घेऊन म्हणाली, "चल, आता एक प्रार्थना कोराडीच्या लोकांसाठी." एवढ्यात त्या बालकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल काय, हे आम्हास ठाऊक नाही. आम्हास मात्र आमच्या वाट्याचा बोध मिळाला.

प्रकाशाचा प्रभू आपणा सर्वांना आपल्या प्रकाशामागची राख पाहण्याची दृष्टी देवो.