कला शाखेच्या वाटेवरचे पाच उन्हाळे

नांदेडकडच्या आमच्या नायगावात बारावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न येतो, ‘नीटला किती?’ दुसरा येतो, ‘सीईटीला किती?’ कला शाखेच्या पोरापोरींना कोणी काही विचारत नाही. ‘बी.ए.ला काय, कुठंही मिळतंय’ हे इथलं ठरलेलं वाक्य. २०२१ ते २०२५ या पाच हंगामांत हे वाक्य खोटं पडत गेलं. बी.ए.लाही प्रवेश परीक्षा आल्या, मुलाखती आल्या, प्रवेश मिळाल्याची पत्रं आली आणि त्या पत्रांखाली पैसे भरण्याच्या मुदती आल्या. डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी वर्षानुवर्षं चालत आलेली घालमेल आता इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र शिकू पाहणाऱ्यांच्या घरी शिरली. नीटवाल्या घराला विचारायला गल्लीत चार माणसं असतात, या घराला एकही नसतं.

या पाच वर्षांकडे मागं वळून पाहताना मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. आपली मुलं गुणांपेक्षा तारखांमुळे जास्त मागं पडली.

पण त्याआधीचा इतिहास थोडा आठवायला हवा. १९४८ पर्यंत नांदेडकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादचा रस्ता धरावा लागे, आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं. दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचं मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते, पुढे तिथंच प्राचार्य झाले. त्यांच्या काळात नांदेडला बी.ए. करणं कमीपणाचं नव्हतं.

१९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं. त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत लिहिलं, आणि नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. त्यांच्या महाविद्यालयाशी ज्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव जोडलं गेलं, तो मात्र विज्ञान शाखेपुरता पसरला. साहित्याच्या माणसानं घालून दिलेली शिस्त मेडिकलच्या कामी आली आणि कला शाखेला तिचा वाटा मिळालाच नाही. त्यानंतर लातूर-नांदेडच्या क्लासेसनी जे वेळापत्रक बसवलं, त्यात बी.ए.ला जागा उरली ती सगळं हुकल्यावरची.

२०२१ च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० अशा हिशोबाने ३ ऑगस्टला निकाल लागला. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाच्या पहिल्या यादीत काही महाविद्यालयांत राज्यशास्त्राची कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेली. त्या बातमीनं इथल्या मुलांना एवढंच कळलं, की दिल्ली आपली नाही.

२०२२ साली दार थोडं उघडलं. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आणि ती मराठीतूनही देता येऊ लागली. बारावीचे गुण पात्रतेपुरते राहिले. पण पहिल्याच वर्षी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये झाली आणि निकाल सप्टेंबरच्या मध्यात लागला. तोवर नायगाव-नांदेडच्या महाविद्यालयांत वर्ग भरू लागले होते. मूळ टीसी तिथं जमा झालेली आणि फी भरून झालेली. मग दिल्ली-हैदराबादच्या यादीत नाव आलं तरी घरचे म्हणायचे, आता राहू दे.

पुढच्या तीन वर्षांत तारखा बदलल्या, अडचण मात्र तशीच राहिली. बारावीचा निकाल अलीकडे सरकत गेला. २०२३ मध्ये २५ मे, २०२४ मध्ये २१ मे आणि २०२५ मध्ये तर ५ मे. सीयूईटीचा निकाल मात्र २०२३ मध्ये १५ जुलैला लागला, २०२४ मध्ये २८ जुलैला आणि २०२५ मध्ये ४ जुलैला. म्हणजे दोन निकालांत दीड-दोन महिने नुसती वाट पाहायची. आणि अर्ज? २०२५ मध्ये तो १ मार्चपासून भरायचा होता, अगदी बारावीचे पेपर चालू असताना. निकालानंतर चौकशीला निघालेल्या पालकाला ही खिडकी केव्हाच बंद झालेली दिसली. खासगी विद्यापीठांच्या फेऱ्या तर त्याच्याही आधी, हिवाळ्यातच सुरू होतात.

अभ्यासाचीही एक मेख आहे. सीयूईटी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली. आपल्या मंडळाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं, तर एनसीईआरटीचं हडप्पापासून. वर्षभर मन लावून वाचलेल्या मुलीला प्रश्नपत्रिका अनोळखी वाटते, त्यात तिचा काय दोष?

आता प्रवेश मिळाल्याचं असंच एक पत्र जवळून पाहू. २०२४ च्या उन्हाळ्यात नरसीकडच्या एका घरी मी ते वाचून दाखवलं होतं. चार पानं इंग्रजीतली, महा ई-सेवा केंद्रातून छापून आणलेली. पहिल्या पानावर अभिनंदन आणि शिकवणी शुल्कात साठ टक्के सूट. तिसऱ्या पानावर वसतिगृह आणि मेसचा खर्च, त्यावर सूट नाही. चौथ्या पानावर अट, की दरवर्षी ठरावीक श्रेणी टिकवली तरच सूट चालू राहील. आणि दहा दिवसांत पन्नास हजार भरा.

वडील म्हणाले, “सर, साठ माफ म्हणजे शंभरातले चाळीसच भरायचे ना?” आईनं विचारलं, “तिकडं दुखलंखुपलं तर लेकराला कोण बघंल?” आजोबांचं एकच म्हणणं, “बी.ए.च करायचंय तर नायगावात कॉलेज हाय की.” मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला पाहिजे तो विषय इथं नाही, आबा.”

आम्ही पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अभ्यासक्रमाच्या चारही वर्षांचा खर्च मांडला. शिकवणी, खोली, जेवण, पुस्तकं, वर्षातून दोनदा येणं-जाणं. घरात सोयाबीनची पोती पडून होती आणि भाव ४,६०० रुपयांच्या हमीभावाखालीच रेंगाळत होता. बेरीज त्या पोत्यांना झेपणारी नव्हती. शेवटी त्यांनी ते पत्र सोडलं. पोरगी नांदेडला बी.ए. करते आहे आणि मन लावून शिकते आहे. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण तो आकडे समोर ठेवून झाला. मला वाईट वाटतं ते बेरीज न करताच, नुसत्या धास्तीनं फाडलेल्या पत्रांचं, आणि तितकंच बेरीज न करता कर्ज काढून भरलेल्या पैशांचं.

या पाच वर्षांत जी घरं नीट तोलून निवडू शकली, त्यांच्याकडे पैसा जास्त होता असं नाही. त्यांना चार गोष्टी वेळेत कळल्या होत्या. एक, सूट कशावर आहे आणि किती वर्षांसाठी आहे. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात राहण्यासह खर्च वर्षाला दहा लाखांच्या वर जातो, तरी तिथं घरच्या परिस्थितीनुसार मदत मागता येते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात उत्पन्न पाहून शिकवणीबरोबर राहण्या-जेवणाच्या खर्चातही सवलत देतात. छापील फी पाहूनच माघार घेतली तर ही मदत कळणारही नाही. दोन, भरलेले पैसे बुडतातच असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत देण्याचा नियम केला होता, आणि तो खासगी विद्यापीठांनाही लागू होता. तीन, कागद. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेयर केंद्रीय विद्यापीठात चालत नाही, केंद्राचा नमुना वेगळा असतो. तहसीलची ही फेरी जूनच्या गर्दीत मारली तर मुदत हातची जाते. चार, अंतर. पुण्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, पण नायगावहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे आणि तिथल्या केंद्रीय विद्यापीठात बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एम.ए. करता येतो. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून आहे, तेही आपल्याकडच्या फार कमी घरांना ठाऊक आहे.

ही माहिती पोचवणारी माणसं याच काळात पुढं आली, हे या पाच वर्षांचं खरं देणं. बुलढाण्याच्या खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना अशा संस्थांच्या दारापर्यंत नेते. त्यांच्या कामातून एक सिद्ध झालं, की अर्जातला निबंध कसा लिहायचा आणि मुलाखतीत काय विचारतात हे कोणी शिकवलं तर आपली मुलं कुठंही कमी पडत नाहीत. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे. नीट वाचणं, विचार करणं आणि सलग लिहिणं यांची किंमत ज्यांना कळत नव्हती, त्यांनाही ती कळेल.

नायगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे माझं मागणं मोठं नाही. डिसेंबरात कला शाखेच्या पालकांची एक बैठक घ्या. पुढच्या आठ महिन्यांच्या तारखा फळ्यावर लिहा. एनसीईआरटीच्या पुस्तकांचे दोन-चार संच ग्रंथालयात ठेवा. बाहेर शिकायला गेलेला तालुक्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी सुट्टीत आली की तिला वर्गात उभं करा आणि तिथला खर्च, जेवण, इंग्रजी, एकटेपण सगळं खरंखरं सांगू द्या. केंद्राच्या नमुन्यातली प्रमाणपत्रं एप्रिलमध्येच काढून ठेवा. नीटसाठी हे सगळं आपण अकरावीपासून करतो, म्हणजे ते आपल्याला जमतं. ज्या मुलीला इतिहास शिकायचा आहे तिच्यासाठीही ते करायला हवं. मग तिनं दिल्ली निवडली काय, हैदराबाद निवडलं काय किंवा सगळं तोलून नायगावातच राहिली काय, निवड तिची असेल.